समुद्रात उतरण्याआधी व्हिनेगर शोधावं

केर्न्स, क्वीन्सलँड

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


तिकिटं काढलीत हे कळल्यापासून ओवी, छोटू, दोन्ही पोरं जमिनीवर नाहीत. डिसेंबरच का, हे मी विचारत नाही. मे महिन्यात बाबा आंबा सोडून हलायचे नाहीत, जुलैत लावणी, मग गणपती. उरला डिसेंबर. फक्त इथला समुद्र साधारण जून ते ऑक्टोबर माणसांचा असतो आणि नोव्हेंबर ते मे जेलीफिशचा. त्यामुळे ‘कुठल्या कुठल्या समुद्रावर नेणार ते कळव’ या बाबांच्या हुकमाचं उत्तर जरा लांबणार आहे.

मुळात खुद्द केर्न्सला पुळणच नाही. ओहोटीच्या वेळी शहरासमोर उभं राहिलं तर दाभोळच्या खाडीवर आल्यासारखं वाटतं: चिखल, खारफुटी आणि चिखलात चोची खुपसणारे पक्षी. म्हणून २००३ साली इथे किनाऱ्याला लागूनच खाऱ्या पाण्याचा ४८०० चौरस मीटरचा तलाव केला. फुकट आहे, जीवरक्षकही असतो. समोर अख्खा समुद्र पसरलेला असताना माणसं तलावात डुंबतात, हे बघून बाबा काय बोलतील ते मला इथूनच ऐकू येतंय. पण पहिल्या दिवशी तिथेच जायचं. प्रवासाचा शीण उतरेपर्यंत नवे शत्रू नकोत.

शत्रू दोन. एक बॉक्स जेलीफिश. पाण्यासारखी पारदर्शक, आणि तिच्या दोऱ्या तीन मीटरपर्यंत लांब. दुसरी इरुकांजी, ती नखाएवढी. तिच्या डंखाने होणारा त्रास नेमका कशामुळे आहे हे कित्येक वर्षं कोणाला कळत नव्हतं. शेवटी १९६१ साली इथल्याच डॉ. जॅक बार्न्स यांनी एक जेलीफिश पकडली आणि खात्री करून घ्यायला तिचा डंख स्वतःला, एका तरुण जीवरक्षकाला आणि स्वतःच्या नऊ वर्षांच्या मुलाला देऊन पाहिला. तिघांनाही हॉस्पिटलात जावं लागलं. बाबा, तुम्ही मला ‘पोराला सर्दीत आइस्क्रीम देतेस’ म्हणून फोनवर झापता, म्हणून मुद्दाम कळवलं.

यावर सरकारी उपाय म्हणजे जाळी. मोठ्या समुद्रकिनाऱ्यांवर पाण्यात जाळीचं कुंपण घालतात, त्याच्या आत पोहायचं. मोठी जेलीफिश त्याने अडते, इरुकांजी मात्र आरामात आत येते. किनाऱ्यावर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या टांगलेल्या असतात. चायनीजच्या गाडीसाठी नव्हे, डंखावर ओतायला. त्याने आग थांबत नाही, पण कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या डंखपेशी गप्प बसतात. तुमच्याबरोबर येणाऱ्या आत्याने हळद आणली तरी चालेल, पण तिचा नंबर व्हिनेगरनंतर.

आणि हो, आत्याला सांग, परदेशातल्या बीचवर काय काय बघावं लागेल ही तिची काळजी मिटली. डिसेंबरात पाण्यात उतरणारी शहाणी माणसं मनगटापासून घोट्यापर्यंत लायक्राच्या घट्ट झग्यात असतात. कुणाचं काही दिसत नाही. तिला इथलं वळण फार आवडेल.

आता निवड. ट्रिनिटी बीच जवळ आहे, पण आमच्या मते दुपारी सावली बेताची. एलिस बीच देखणा, पण हायवे अगदी खेटून, आणि ओवी चेंडूमागे धावते. पोर्ट डग्लसचा फोर माइल बीच लांबच लांब. बाबांना रोज चालायला उत्तम, परतताना त्यांना उचलून आणायला तुमच्या जावयाला, मंदारला अवघड. म्हणून मुक्कामाचा समुद्र पाम कोव्ह. गाडीने अर्धा तास. जाळी, जीवरक्षक, बाकडी, स्वच्छतागृह, आणि पापुद्रे सुटलेल्या सालीची जुनी मेलाल्यूका झाडं, त्यांची सावली दाट. बाबांच्या पसंतीला बाकडं आणि स्वच्छतागृह पुरतं, हे मला ठाऊक आहे. आई, तुझा मात्र जीव तुटेल. इथे माडांवरचे नारळ तयार व्हायच्या आत पाडून टाकतात, कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून! रोजच्या वाटपाला नारळ आम्ही दुकानातून विकत आणतो.

पोहायचं नाही असे दोन किनारे मी तरीही यादीत घातलेत. एक डेन्ट्री नदीपलीकडचा केप ट्रिब्युलेशन. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज तिथल्या प्रवाळावर आदळलं आणि त्याने टोकाला नाव दिलं तेही संकटाचंच. जंगल थेट वाळूपर्यंत उतरलंय आणि नदीच्या मुखाशी मगरींच्या पाट्या. त्या खोट्या नसतात. नदी फेरीबोटीने ओलांडतात, म्हणजे बाबा खूश. काठाशी उभं राहून पाय धुवायचे नाहीत, एवढं मात्र आत्ताच घोकून ठेवा.

दुसरा इनिसफेलजवळचा एट्टी बे. तिथे कॅसोवरी नावाचा पक्षी फिरतो, माणसाएवढा उंच, मान निळी, डोक्यावर शिंगासारखं शिरस्त्राण आणि आतल्या बोटाला सुरीसारखं नख. मागच्या वेळी आम्ही डबा उघडला आणि हे महाराज झाडीतून शांतपणे चालत आमच्या चटईवर आले. पळायचं नाही, खायला घालायचं तर अजिबात नाही, पिशवी मध्ये धरून हळूहळू मागे सरायचं, असा नियम. मंदार पिशवी धरून मागे सरकत होता; छोटू थालीपीठ तोंडात धरून त्याच्या मागे. पक्ष्याने चटईकडे मान तिरपी करून पाहिलं, लोण्याच्या डबीशी बराच वेळ थांबला आणि पुढच्या कुटुंबाकडे गेला. जर्मन होते बहुतेक. त्यांची केळी गेली.

प्रवाळ बघायला बोटीने एक दिवस जाऊ, पण ते हवामान बघून ठरवू. डिसेंबरात इथे पाऊसही सुरू होतो, आणि बाबांना बोट लागते हे ते कबूल करणार नाहीत.

सामानात सुकं खोबरं, बिया, लोणचं काही असलं तर विमानतळावर सगळं लिहून द्या, लपवू नका. इथे दंड जबर असतो. गोडा मसाला मात्र भरपूर आण, आणि तोही लिहूनच दे. आणि उलट टपाली आत्याच्या कमरेचं आणि उंचीचं माप कळव. झगा आधी घेऊन ठेवायला हवा. ती खरं माप सांगणार नाही, तेव्हा झोपली असताना तूच घे.

तुमची,
सुमी