अर्धरथी

मॅगकार्गो नावाची एक गोगलगाय आहे. तिच्या अंगाचं तापमान १८,००० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले १०,००० अंश सेल्सिअस. सूर्याचा पृष्ठभागसुद्धा साडेपाच हजाराच्या आसपास थांबतो. हे सगळं पोकेडेक्समध्ये लिहिलेलं आहे आणि पोकेडेक्स म्हणजे पोकेमॉनवाल्यांची पोथी, तेव्हा शंका घ्यायची सोय नाही. अशी गोगलगाय पुण्यात अवतरली तर पनवेलपर्यंत काही शिल्लक राहू नये. प्रत्यक्ष खेळात मात्र कुठल्याही किरकोळ कासवाने पिचकारी मारली की बाई आडव्या. पाण्याचा मारा तिला चौपट लागतो.

"पण पाणी तिच्यापर्यंत पोचेलच कसं?" मी विचारलं. "वाटेतच वाफ होईल ना!"

"मामा, ते लोर आहे," भाचा म्हणाला. "आणि हा गेमप्ले आहे."

स्थळ घेऊन येणारा मध्यस्थ जे सांगतो ते लोर आणि लग्नानंतर जे दिसतं तो गेमप्ले, एवढं मला कळलं. पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या दिवाणखान्यात जमलेल्या त्या टोळीला एवढ्यावर भागत नव्हतं. वेलॉर्ड नावाचा त्यांचा देवमासा साडेचौदा मीटर लांब आणि वजन ३९८ किलो. चांगली दुभती म्हैस याहून जड भरते. एका पोराने वहीच्या मागच्या पानावर घनफळ काढून सिद्ध केलं की हा मासा समुद्रात बुडी मारूच शकणार नाही, नुसता फुग्यासारखा वर तरंगेल. दुसऱ्याने ते पान टराटरा फाडलं. मग चकलीच्या डब्यावरून वेगळी मारामारी झाली.

मी पेपराआडून हसत होतो. अस्तित्वात नसलेल्या प्राण्यांच्या ताकदीवरून जीव टाकणारी ही पोरं! आमचं बालपण बरं होतं. आम्ही भांडायचो ते कर्ण श्रेष्ठ की अर्जुन यावरून.

आता कर्णाचा विषय निघालाच आहे तर वाचकांनी जरा मांडी घालून बसावं. तो निघाला की मला आवरता येत नाही, हे आमच्या घरात आणि सासरवाडीत सर्वश्रुत आहे. नववीच्या सुट्टीत मी 'मृत्युंजय' वाचली आणि पुढे कितीतरी दिवस रोज सकाळी सूर्याकडे एकटक बघत बसलो. त्यातून चष्मा लागला. घरात माझा प्रतिपक्ष म्हणजे दादा. खरं तर थोरला तो, म्हणजे कर्ण व्हायचा मान त्याचा. पण तो पहिल्यापासून अर्जुनाकडे. दादाला निकालात रस. विराटाच्या गायी सोडवताना एकट्या अर्जुनाने भीष्म, द्रोण, कर्ण, सगळ्यांना पिटाळलं की नाही? घोषयात्रेत गंधर्वांनी रथ मोडल्यावर तुझा कर्ण विकर्णाच्या रथावर चढून पळाला की नाही? बोल!

मी बोलायचो. कवचकुंडलं दान दिली होती, परशुरामाचा शाप होता, ब्राह्मणाचा शाप होता, चाक रुतलं होतं, सारथी म्हणून शल्य होता. दादा म्हणायचा, "हो, पण हरला."

हे सगळं मी त्या टोळीला साग्रसंगीत ऐकवलं. भाच्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे त्याने आर्मर कटसीनमध्येच देऊन टाकलं. वर दोन डिबफ. एकदाच वापरायचं अस्त्र होतं, ते घटोत्कचावर संपवलं. आणि फायनल बॉसच्या वेळी टीममेट टॉक्सिक."

शल्याचं इतकं नेमकं वर्णन मी मराठी समीक्षेत वाचलेलं नाही.

"मामा, तू लोरवाला आहेस," त्याने निदान केलं. "दादामामा गेमप्लेवाला."

चाळीस वर्षांचा कौटुंबिक तंटा असा दोन शब्दांत निकालात निघालेला पाहून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी लगेच मोठी तोफ काढली. म्हटलं, बाळांनो, तुम्ही ज्याला टियर लिस्ट म्हणता ती आमच्याकडे उद्योगपर्वातच झालेली आहे. युद्धाला तोंड लागण्याआधी दुर्योधन भीष्मांना विचारतो, दोन्ही बाजूंना कोण किती पाण्यात आहे ते सांगा. आणि भीष्म खरोखरच यादी करतात. हा रथी, हा अतिरथी. भीम एकटा आठ रथींच्या तोडीचा. अश्वत्थाम्याची धनुर्विद्या बिनतोड, पण त्याला जीव फार प्यारा, म्हणून त्याला ते कुठल्याच वर्गात धरत नाहीत. स्वतःविषयी म्हणतात, माझे गुण मी काय सांगू, ते तुला ठाऊकच आहेत. (हे वाक्य मी दर वर्षी ऑफिसच्या मूल्यमापनाच्या फॉर्मात लिहायला बघतो, पण त्या रकान्याला शंभर अक्षरं सक्तीची आहेत.) आणि मग येतो कर्ण. कवचकुंडलं गेलेली, शाप डोक्यावर, वर बढाईखोर. भर सभेत भीष्म त्याला म्हणतात, अर्धरथी. द्रोण मान डोलावतात.

अर्धा! पोरं खूश झाली. एकाने विचारलं, "म्हणजे बी टियर?"

मला त्यांच्याएवढं हसू आलं नाही. कर्ण त्या शब्दावर उठला आणि भीष्म जिवंत असेतो लढणार नाही म्हणाला. युद्धाचे पहिले दहा दिवस तो मैदानात उतरला नाही. दादाच्या मते हा शुद्ध बालिशपणा, सेनापतीशी असहकार. असेल. पण आमच्याकडे पाहुणे आले की वडील दादाची ओळख टक्क्यांसकट करून द्यायचे आणि मग माझ्याकडे हात करून म्हणायचे, "आणि हा धाकटा." टक्के नाहीत. पाहुणेही समजूतदार असत, विचारत नसत. मी आत जाऊन 'मृत्युंजय' उघडायचो. पुढे आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धेत मी 'कर्ण: एक उपेक्षित सूर्यपुत्र' या विषयावर घाम गाळून बोललो आणि परीक्षकांनी मला उत्तेजनार्थ दिलं. उत्तेजनार्थ म्हणजे अर्धरथीच, फक्त स्टीलच्या पेल्यासकट.

भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती पुरी केली १९६६ साली. देशभरातल्या हस्तलिखितांशी ताडून पाहिलं आणि मागाहून घुसलेलं म्हणून पुष्कळ काही मूळ संहितेतून तळटीपांत आणि परिशिष्टांत हलवलं. महाभारत लिहून घ्यायला बसलेला गणपतीसुद्धा तिथेच गेला. पुण्यातच हे होऊ शकतं. आणि पुढच्याच वर्षी, १९६७ला, 'मृत्युंजय' आली आणि महाराष्ट्र घाऊक भावाने कर्णाच्या पक्षात गेला. पंडितांनी जवळजवळ अर्धशतक काटेकोर हिशेब मांडावा आणि आम्ही एका सुट्टीत तो विसरून रडावं! पोरांना मी म्हटलं, लोरची ताकद ही अशी.

त्यावर भाच्याने १९९७ सालचा 'फायनल फँटसी सेव्हन' नावाचा खेळ काढला. त्यात एरिथ नावाची मुलगी आहे. लढाईत ती कितीदा तरी पडते. फिनिक्स डाउन वापरलं की लगेच उठते. मग कथेत एका ठिकाणी सेफिरॉथ तिला तलवारीने मारतो आणि ती गेली ती गेलीच. "माझ्या बॅगेत फिनिक्स डाउन पडलेले असतात," भाचा म्हणाला, "आणि गेम मला ते वापरूच देत नाही." आवाज जरा चढला होता.

मला आजी आठवली. श्रावणात आमच्याकडे 'पांडवप्रताप' लागायचा. परीक्षित मेलेला जन्मला आणि कृष्णाने त्याला जिवंत केलं, इथे बुवा पोचले की बायका हात जोडायच्या. एका वर्षी आजीने वाती वळता वळता विचारलं, "मग अभिमन्यूला का नाही उठवलं? सोळा वर्षांचा तर होता." बुवा म्हणाले, देवाची लीला. आजी म्हणाली, "लीला कसली? येत होतं ना त्याला?" आजीचा पहिला मुलगा विषमज्वराने गेला होता, त्याचा विषय घरात कोणी काढत नसे. बुवांनी चष्मा पुसला आणि पुढची ओवी सुरू केली. आजी मान खाली घालून वाती वळत राहिली, पण त्या दिवशी तिने आरतीला हात जोडले नाहीत.

भाच्याला मी हे सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "बरोबर आहे तुझं. हा अन्याय आहे." तो चमकला. मी त्याच्या बाजूने कधी बोलत नाही.

त्या सद्भावनेच्या भरात त्याने मला वहीचं एक पान दाखवलं. टोळीने आमच्या घराण्याची टियर लिस्ट केली होती. एसमध्ये मामी. एमध्ये त्याची आई आणि, एक फणकाऱ्याचा उसासा टाकून सांगतो, दादा. बीमध्ये शेजारच्यांचं कुत्रं. मी सीमध्ये. कंसात शेरा: लोर स्ट्राँग.

मी अपील केलं. म्हटलं, ऐन पावसात, खंबाटकी घाटात स्कूटर बंद पडली तेव्हा तुझ्या मामीला मागे बसवून मी एकट्याने ती वरपर्यंत ढकलत नेली होती. याचे गुण कुठे धरलेत?

भाच्याने पेन्सिल कानावरून काढली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला, "मामी, स्कूटरचं कॅनन आहे का?"

"टेम्पोत घालून आणली होती," आतून आवाज आला. "आणि टेम्पोवाल्याला भाडं मी दिलं."