सर, घंटा आणि रात्रीचे दोन

"काय गं, समोरच्या सरांकडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत दिवा असतो. तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"तब्येतीला काय धाड भरलीय, काकू! खडखडीत आहेत."

"मग रमी असणार. नाहीतर शेअर. रिटायर माणसाच्या हातात फंडाचे पैसे आले की ही दोनच खुळं."

"विकिपीडिया."

"हे कुठलं नवीन?"

"नवीन कसलं! इंग्रजीतलं २००१पासून आहे, आपलं मराठीतलं २००३च्या महाराष्ट्र दिनापासून. तुमचा नातू प्रोजेक्टची वही कशातून उतरवून काढतो? त्यातूनच. सर जेवण झालं की कॉम्प्युटरपुढे बसतात आणि आपल्या वाईबद्दल, मेणवलीबद्दल लिहीत सुटतात. रोमन अक्षरं दाबायची, समोर मराठी उमटतं."

"पैसे किती मिळतात?"

"छदाम नाही."

"म्हणूनच सरांकडच्या ताईंचा चेहरा एवढुसा झालाय हल्ली."

"ताई वैतागल्यात त्या भांडणाने. ऐका तर. सरांनी लिहिलं की मेणवलीची घंटा वसईची. चिमाजी आप्पांनी १७३९ला वसई घेतली, तेव्हा चर्चमधून आलेली."

"बरोबरच लिहिलं. पोराटोरांना माहीत आहे."

"सकाळी उठून बघतात, तर वाक्याच्या शेपटीला कोणीतरी बारीक अक्षरात चिकटवून ठेवलेलं: संदर्भ हवा."

"कोण हा उपटसुंभ?"

"तेच ना! खरं नाव नाही, फोटो नाही, नुसतं टोपणनाव. सरांनी ते काढून टाकलं. त्याने परत लावलं. यांनी परत काढलं. सरांना संशय की पलीकडच्या आळीतले ते निवृत्त हेडमास्तरच असणार, जुना दावा आहे ना दोघांचा."

"तो सेंडऑफच्या फोटोत यांना मागच्या रांगेत उभं केलं तेव्हापासूनचा."

"बघा, तुम्हाला बरोब्बर आठवतं. पण ते नव्हतेच. हा निघाला अमेरिकेतला एक मराठी मुलगा. आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे त्याची दुपार. आता कळलं दिवा का असतो?"

"अगंबाई! मग मिटलं कसं?"

"प्रत्येक लेखाला पाठीमागे एक चर्चापान असतं. भांडायचं ते तिथे, लेखात नाही. सरांनी तिथे लिहिलं, मी वाईत जन्मलो, माझ्या आजीने मला सांगितलंय. तो म्हणाला, सर, तुमच्या आजींबद्दल आदर आहे, पण कुठे छापलेलं आहे का?"

"आजी काय खोटं बोलत होती?"

"मलाही आधी रागच आला. पण विचार करा काकू, तुमची आजी एक सांगणार, माझी दुसरं. त्या घंटेच्या वजनाचेच घाटावर चार माणसं चार आकडे सांगतात. मग कोणाची आजी खरी धरायची? शेवटी त्याच मुलाने सरांना मुंबई इलाख्याचं १८८५चं सातारा गॅझेटियर इंटरनेटवर कुठे मिळतं ते दाखवलं. सर त्यात असे बुडाले की भाजी आणायची विसरले."

"आणि आता?"

"आता दोघांची गट्टी. घंटेचं वाक्य अजून 'असे मानले जाते' वरच अडकलंय, सरांना ते सलतं. पण मेणवलीच्या वाड्याचा परिच्छेद दोघांनी मिळून केलाय. मधेच तिसऱ्या कोणी येऊन 'स्वदेस'चं शूटिंग तिथे झालं तेही घातलं, चौथ्याने ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं."

"मला नाही पटत बाई. आपल्या वाईत विश्वकोशाचं ऑफिस. तर्कतीर्थांसारखा माणूस वर बसलेला, एकेक नोंद तज्ज्ञांकडून लिहून घ्यायचे, तपासायचे. इथे कोणीही यावं आणि खरडावं?"

"पण वेळ किती गेला! पहिला खंड १९७६चा, विसावा हातात यायला जवळजवळ चाळीस वर्षं. केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले ते कंपनी स्थापून, वर्गणीदार जमवत हिंडून. तेही सगळं मिळूनच केलेलं काम, फक्त टपालाने चालायचं. विश्वकोशाची सर याला नाही, मान्य. नोंदी अर्धवट असतात, काही तर दोन ओळींच्या. पण विश्वकोशात चूक दिसली तर तुम्ही काय करणार? पत्र. इथे जागच्या जागी दुरुस्त."

"किंवा जागच्या जागी घाण."

"ती करतातच की. पण तिथे इतिहास नावाचं पान असतं. कोणी, कोणत्या तारखेला, किती वाजता काय लिहिलं आणि काय खोडलं, सगळं राहतं. घाण केली की दुसरा मागची आवृत्ती परत आणतो, एका क्लिकवर. मला विचाराल तर खरी करामत ती आहे. म्हणून तर अनोळखी माणसाला घरात घ्यायची हिंमत होते. नाहीतर आपला गल्लीचा ग्रुप बघा. पाणी कधी येणार विचारलं की खाली सतरा गुलाब आणि सुप्रभात. वर्गणी किती ठरली होती, कोण हो म्हणालं होतं, गणपती आले की दरवर्षी नव्याने भांडण."

"म्हणजे बोललेलं नाकारायची सोयच नाही म्हण ना तिथे."

"अजिबात नाही."

"आपल्या या कुंपणाला असलं पान असतं तर?"

"गेल्या दिवाळीपासून आपलं बोलणं बंद असतं, काकू."

"खरंय बाई. चकलीवरून मी काय काय बोलले होते... जाऊ दे. आणि भांडण हाताबाहेर गेलं तर?"

"प्रचालक असतात. इंग्रजीत तर नियमच आहे, एकाच पानावर चोवीस तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं उलटवलंत की बंदी येऊ शकते. मराठीत गाऱ्हाणं मांडायला चावडी आहे, शिकाऊ माणसाला गिरवायला धूळपाटी आहे."

"हे मात्र झकास. ए, माझ्या माहेराबद्दल आहे का गं त्यात? पसरणीबद्दल? शाहीर साबळे आमच्या गावचे."

"बघते हं मोबाइलवर. नसलं तर तुम्ही लिहा. बोलून सुद्धा लिहिता येतं आता."

"लिहीन की! फोटो पण देते. भाच्याने देवळाचा कसला सुरेख पाठवलाय व्हॉट्सॲपवर."

"त्याने स्वतः काढलाय का? कुठून तरी फिरत आलेला चालत नाही. ज्याने काढला त्यानेच चढवलेला बरा, कोणीही वापरा म्हणून परवानगी देऊन."

"अस्सं? मग भाच्यालाच रविवारी देवळात पाठवते. आणि सरांना निरोप दे, काकू येतायत म्हणावं धूळपाटी बघायला. रात्री दोनला नाही हं, दुपारी चहाला."