दुसऱ्याचा पैसा

जागेच्या धंद्यात श्रीमंत व्हायचं तर स्वतःचा पैसा लावायचा नसतो, हे दिव्य ज्ञान मला एका रविवारच्या कार्यशाळेत झालं. प्रवेश शुल्क मात्र स्वतःच्याच खिशातून गेलं. "दुसऱ्याचा पैसा वापरा!" कोट घातलेले गुरुजी गरजले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मधल्या सुट्टीत मी दुसरा वडा मागितला, तर वाढप्याने दुसरं कूपन मागितलं. शहाण्याला तेवढा इशारा पुरला असता.

सोमवारी दुसऱ्याच्या शोधात बँकेत गेलो. फ्लॅट वाघोलीतला, किंमत ६० लाख. साहेबांनी फॉर्म १६ चाळला, सिबिलचा आकडा पाहून भुवई उचलली आणि म्हणाले, "रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ८० टक्के. म्हणजे ४८ लाख देतो. १२ तुमचे."

"आणि मुद्रांक शुल्क?"

"पुण्यात ७ टक्के. ४ लाख २०. वर नोंदणीचे ३० हजार. ते कर्जात बसत नाहीत."

"मग ते कुणी द्यायचे?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

आता साडेसोळा लाखांचे दुसरे शोधायचे होते. आपल्याकडे 'दुसरे' म्हणजे सोयरेच. सासऱ्यांनी एफडी मोडली. मुदतीआधी मोडल्याचा दंड बँकेने कापला, पण तो ऐकवतात मात्र मला, दर सणाला. बायकोच्या पाटल्या सोनेतारणात गेल्या. ऑफिसच्या भिशीत माझा नंबर शेवटचा होता, तो हातापाया पडून पहिला करून घेतला. मेव्हण्याने हातउसने दिले. तेव्हापासून तो आमच्याकडे आला की दिवाणखान्यातली माझी खुर्ची त्याची असते.

फ्लॅट झाला. साडेआठ टक्के व्याज, २० वर्षं, हप्ता महिना सुमारे ४१,६५०. मुलीने मोबाइलवर हिशेब केला: ४८ लाखांचे फेडायचे जवळजवळ १ कोटी. मी तिला अभ्यासाला बसायला सांगितलं.

मग भाडेकरू आला. आयटीतला पोरगा, हसतमुख. भाडं १६ हजार. सोसायटीचा मेंटेनन्स अर्थातच मालकाकडे. नवी गादी, नवा रंग, गॅलरीतून डोंगर दिसतो. पहिल्या महिन्याचं भाडं घेताना मी सहज विचारलं, "स्वतःचं घर का घेत नाहीस?"

"परवडत नाही, काका," तो म्हणाला. "उरलेल्या पैशांची एसआयपी करतो."

त्या रात्री मी आकडे मांडले. साठ लाखांच्या घरात तो राहतो. त्यासाठी बँकेने पैसे घातले, सासऱ्यांनी घातले, पाटल्यांनी घातले, मेव्हण्याने घातले, आणि महिन्याला पंचवीस हजारांवर मी घालतो. कार्यशाळेला न जाता गुरुजींचा मंत्र पुरता कळलेला माणूस हाच.

परवा त्याचा निरोप आला. गीझर बंद पडलाय, नवा बसवायला हवा.

खर्च अर्थात दुसऱ्याचा.