बिनयंत्राचा कारखानदार

टेक्सासातले आमचे शेजारी घरी काडतुसं भरतात, असं ते स्वतः तीन वर्षं सांगताहेत. भरायचा प्रेस अजून घेतलेला नाही, एवढंच. गॅरेजमध्ये टेबल आहे, ते भिंतीला बोल्टांनी जखडलंय, आणि त्यावर प्रेसपुरती जागा रोज पुसली जाते.

"मग कोणता घेताय?" असं एकदा विचारून मी फसलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. साधा प्रेस दांड्याच्या एका ओढीत एकच काम करतो. काडतुसांच्या शंभर रिकाम्या पुंगळ्या आवळून घ्या, मग डाय म्हणजे साचा बदला, मग पुढचं काम. संथ, पण चूक नजरेला पडते. प्रोग्रेसिव्ह प्रेसची ताटली फिरत राहते. एकदा भरली की ओढीला एक काडतूस तयार. "आणि दारू दुप्पट पडली तर?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मी गॅरेजचं दार कुठे आहे ते बघून घेतलं.

मग प्रेसच्या कंपन्यांचे रंग. निळा डिलन, लाल ली, हिरवा आरसीबीएस. हिरव्याची बाजू घेताना ते थेट 1943 सालच्या कॅलिफोर्नियात शिरतात. ऑरोव्हिल गाव, तिथे स्वतःच्या वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत डाय बनवणारा आरसीबीएसचा संस्थापक फ्रेड हंटिंग्टन. लाँड्रीतून बाहेर यायला त्यांना पाऊण तास लागतो.

हे सगळं पैसे वाचवण्यासाठी. आजवर वाचले ते न घेतलेल्या प्रेसचे.

गेल्या हिवाळ्यात सांगलीहून आई आली. तिला शेजाऱ्यांनी गोळी दाखवली: वजन 180 ग्रेन. मी हिशेब केला, जुना तोळा बरोबर 180 ग्रेनांचा. आई हबकली. "अरे, हा तोळातोळा उडवतो? बायको काही बोलत नाही?"

मग तिची नजर काळवंडलेल्या पुंगळ्यांच्या बादलीकडे गेली. पितळ म्हटल्यावर ती कसली थांबते! चिंचेचं पाणी, दोन बोटांनी चोळणं, खळखळून धुणं, उन्हात सुकवणं. शेजारी वही घेऊन शेजारी उभे.

आई परत गेली. पुंगळ्या आता इतक्या लखलखतात, की त्यांत दारू भरायला शेजाऱ्यांचा जीव होत नाही. परवा मात्र कुंपणावरून हाक आली. चिंच कोणती घ्यावी, जुनी की नवी?