मालेगावची गारगोटी

आत्याच्या घरी पहिल्याच सकाळी मला ठेच लागली. मागचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिनं तिथं नारळाएवढा काळा, खडबडीत धोंडा लावून ठेवलाय. "वीस वर्षं तो तिथंच आहे," अंगठ्यावर हळद दाबत आत्या म्हणाली, "नवीन तू आलायस." मग तिनं धोंडा पायानंच जागेवर सरकवला आणि विषय संपवला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही वाघोलीहून मालेगावला आलो होतो. मी, बायको आणि पाच वर्षांची चिमी. पहिली रात्र यंत्रमागांच्या खडखडाटात गेली. चिमी अंधारात उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, ही आगगाडी संपत का नाही?"

दुसऱ्या दिवशी तिला किल्ला दाखवला. मोसम नदीकाठचा हा भुईकोट नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1740 च्या सुमारास बांधला. पुढे झाशीची सुभेदारी केली ते हेच. 1818 साली आतल्या अरब शिबंदीनं इंग्रजांना जवळपास महिनाभर झुंजवलं. मी हे रंगवून सांगत असताना चिमीचं लक्ष तटाकडेही नव्हतं आणि खंदकाकडेही नव्हतं. किल्ल्यात शाळा भरते, आणि तिला ती दिसली होती. सुट्टीत फिरायला म्हणून नेतात आणि शाळेच्या दारात उभं करतात, हा कट तिच्या लगेच ध्यानात आला. तिनं भोकाड पसरलं. याच नारोशंकरांच्या नाशिकच्या देवळातली घंटा प्रसिद्ध आहे, वसईच्या विजयातली. आमच्या घरात चिमीलाही नारोशंकराची घंटा म्हणतात. त्या दिवशी घंटा मूळ मालकाच्या किल्ल्यात वाजली.

"किल्ले तिच्या वयाला जड जातात," बायको म्हणाली. "छोटंसं संग्रहालय बघू. तासाभरात होणारं." मी फोनला विचारलं. फोन म्हणाला: गारगोटी खनिज संग्रहालय, मालेगाव एमआयडीसी, जिल्हा नाशिक.

आतोबांनी पेपर खाली केला. "मालेगावात संग्रहालय? चाळीस वर्षं राहतोय इथं. आणि गारगोटी तर कोल्हापूरकडे आली, भुदरगड तालुक्यात."

"निघालं असेल नवीन," आत्या म्हणाली. "या गावानं स्वतःचा 'शोले' काढला, सुपरमॅन उडवला. संग्रहालय काढायला काय लागतं?"

हे पटण्यासारखं होतं. आत चमकणारे दगड आहेत, असं मी चिमीला सांगून टाकलं. तिथंच चुकलो. पाच वर्षांच्या मुलीला दिलेल्या शब्दात 'अटी लागू' असं बारीक अक्षरात लिहिता येत नाही.

फोन पावणेतीन तास दाखवत होता. मोसम पुलावरची गर्दी धरली असेल, असं मी समजलो. पूल ओलांडला तरी आकडा फारसा हलेना. फोनमधली बाई शांतपणे सांगत होती, सरळ चला. आम्ही सरळ गेलो. यंत्रमाग संपले, गाव संपलं, कांद्याची शेतं लागली. उमराण्याजवळ एका ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "मालेगाव एमआयडीसी कुठे आली हो?"

त्यानं आधी मला नीट पाहून घेतलं, मग आम्ही आलो त्या दिशेला हात केला. "मालेगाव ते मांगेच राही गयं, भाऊ."

तेव्हा बायकोनं फोन हातात घेऊन पूर्ण पत्ता वाचला. नाशिक जिल्ह्यात मालेगावं दोन आहेत. एक आम्ही मागे टाकलेलं. दुसरं सिन्नर तालुक्यात, नाशिकच्याही पलीकडे, आणि त्याच्या एमआयडीसीत हे संग्रहालय. एकूण अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

"चमकणारे दगड आले?" मागच्या सीटवरून घंटा वाजली.

आम्ही पुढे गेलो. राहुड घाटात चिमीला उलटी झाली, चांदवडला भूक लागली, पिंपळगावला शू लागली आणि ओझरला हे सगळं पुन्हा एकदा झालं. या काळात तिनं मला अठ्ठावीस वेळा "आलं का?" असं विचारलं. मोजण्याशिवाय मला दुसरं काही काम नव्हतं.

पण संग्रहालय खरंच पाहण्यासारखं निघालं. के. सी. पांडे यांनी जमवलेल्या खनिजांचं हे दालन 2001 साली सुरू झालं. बाहेर कारखान्यांची पत्र्याची छपरं, आणि आत अंधारात दिव्याखाली हिरवे, गुलाबी, पांढरे स्फटिक. चिमीचा आवाज गेला. त्या दिवसात पहिल्यांदाच.

मग परत आला. "हे कुणी केलं?"

मी सांगितलं, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहत होता. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. ढोकळ्याला जाळी पडते ना, तशी दगडाला जाळी पडली. पुढे त्या भोकांतून पाणी झिरपलं आणि आत हे खडे वाढत गेले. आपला बहुतेक महाराष्ट्र म्हणजे असा थरावर थर लावलेला ढोकळा आहे.

"मला ढोकळा हवा," चिमी म्हणाली.

तिनं नावंही दिली. हिरवा अपोफिलाइट म्हणजे लिमलेटची गोळी. सुयांसारख्या पांढऱ्या स्कोलेसाइटचं नाव आजोबांची दाढी. पाटीवर 'झिओलाइट' असा शब्द होता. क्रोनस्टेट नावाच्या एका स्वीडिश माणसानं 1756 मध्ये ते नाव ठेवलं. हा दगड तापवला, की त्यातलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि तो उकळल्यासारखा दिसतो, म्हणून उकळता दगड. चिमीनं लगेच विचारलं, "आणि उतू गेला तर?" स्वीडनमध्ये हा प्रश्न कुणाला पडला होता का, कोण जाणे.

प्रत्येक काचेवर ती नाक टेकवून पाहत होती. आमच्या मागून एक कर्मचारी फडकं घेऊन येत होते आणि नाकाचे ठसे पुसत होते. मी ओशाळून माफी मागितली. "असू द्या," ते म्हणाले. "मोठे लोक काचेपासून हातभर लांब उभे राहतात. मग त्यांना काय दिसणार?"

शेवटी एका कपाटाशी बायको थबकली. आत निळाभोर खडा होता, नीळ सांडल्यासारखा. कॅव्हन्साइट. जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो. तिनं पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. "कुठं सापडतो माहीत आहे?"

"कुठं?"

"वाघोलीच्या खाणीत."

आम्ही वाघोलीहून मालेगावला आलो आणि मालेगावहून सिन्नरच्या मालेगावला, ते वाघोलीचा दगड पाहायला. परतीच्या पावणेतीन तासांत यावर कुणी काही बोललं नाही. चिमी झोपली होती. नाहीतर तिनं बोलून दाखवलं असतं.

रात्री आतोबा जागेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "अरे, संग्रहालयच बघायचं होतं, तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे की! पन्नास किलोमीटर. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरं गोळा करायचे. लोकांच्या माळ्यावर वाळवी खात पडलेले कागद. घरच्यांना वाटायचं, रद्दीच ती."

या वाक्याचा अर्थ मला सकाळी कळला. उठून पाहतो तो चिमी मागच्या दाराशी पालथी पडलेली, नाक धोंड्याला टेकवून. धोंडा उलटा केलेला. खालची बाजू पोकळ होती, आणि पोकळीभर पांढऱ्याशुभ्र सुया उभ्या होत्या. आजोबांची दाढी.

"तो होय," आत्या म्हणाली. "शेतात विहीर खणली तेव्हा असले ढीगभर निघाले. बांधावर टाकले सगळे. हा बुडाशी सपाट होता, म्हणून दाराला आणला."

तासाभरात धोंडा टीव्हीच्या कपाटात गेला. चिमीनं वहीच्या पानावर 'हात लाऊ नये' असं लिहून चिकटवलं आणि तिकीट लावलं: मोठ्यांना एक करंजी, आतोबांना दोन. वीस वर्षं ज्याला पायानं सरकवलं, त्याला पाहण्यासाठी आत्यानं स्वतः तळलेली करंजी स्वतः भरली आणि मग काचेपाशी बराच वेळ उभी राहिली.

त्या रात्री मागचं दार वाऱ्यानं थडाथड आपटत राहिलं. आत्यानं उठून कुठूनशी एक वीट आणून लावली. पहाटे पाणी प्यायला उठलो तेव्हा तिचीच मला ठेच लागली, त्याच अंगठ्याला. विटेत काही नसतं, हे मला ठाऊक आहे. तरी आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी ती उलटी करून पाहिली.