दिवाळं काढायलाही ऐपत लागते

हप्ते थकले, वसुलीवाले बायकोच्या माहेरी फोन करू लागले, की हितचिंतक सुचवतात, ‘एखाद्या वकिलाला गाठ.’ वकीलसाहेब नोटिशींची पिशवी शांतपणे चाळतात आणि विचारतात, ‘फी रोख देणार की जीपे?’ अशिलाकडे दमडी नाही हे कोर्टाला पटवायचं; त्याआधी वकिलाला बरोबर उलटं पटवायचं.

कायद्यांची वाण नाही. मुंबईकराला 1909 चा, मुंबईबाहेरच्याला 1920 चा, दोन्ही इंग्रजांचे. 1920 च्या कायद्याने 500 रुपयांच्या देण्यावरही नादारीचा अर्ज करता येतो. आज तेवढ्यात तिकिटं आणि झेरॉक्स आटोपली तरी पुष्कळ! मग 2016 साली नवी संहिता आली. तिच्यात गरिबाला ‘नवी सुरुवात’ देऊ केली: वार्षिक उत्पन्न 60 हजारांच्या वर नको, मालमत्ता 20 हजारांच्या वर नको, कर्ज 35 हजारांच्या वर नको, आणि स्वतःचं घर तर नकोच. एवढ्या फाटक्या माणसाला 35 हजार दिले कोणी, हा वेगळा संशोधनाचा विषय. शिवाय कंपन्यांची कलमं त्याच डिसेंबरात धावू लागली, ही मात्र वर्षानुवर्षं कागदावरच.

सरकारी खर्चाने वकील मिळतो म्हणे. मिळतो, तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. पुरुषाकडे बहुधा दाखला मागतात. तो आणायला गेलं, की तलाठी भाऊसाहेब चष्म्यावरून बघत विचारतात, ‘दाखला कशाला? कर्ज काढताय वाटतं?’