हाताची घडी, तोंडावर बोट

जन्म मालवणचा आणि नोकरी कोल्हापुरात, त्यामुळे तिखटाच्या बाबतीत मी जगभर छाती काढून हिंडतो. जगभर म्हणजे आजवर पुणे, हैदराबाद आणि आता चीनमधलं चेंगडू. इथले पांडा पाहिले, झोपले होते. दूजियांगयानचा बावीसशे वर्षांपूर्वीचा पाटबंधारा पाहिला. तो अजून शेतांना पाणी देतो. आमच्या गल्लीत परवा बुजवलेला खड्डा आठवून मी तिथून लवकर निघालो.

खरं म्हणजे मी वाँटन खायला आलो होतो. आपल्याकडं ते तळून, लालभडक सॉसमध्ये बुडवून खातात. इथं उकडून, वाटीत. 'वाँटन' हा कँटनकडचा उच्चार. तिकडं ज्या अक्षरांत तो लिहितात त्यांचा अर्थ 'ढग गिळणं'. उत्तरेत म्हणतात हुनतुन. आणि चेंगडूत छाओशौ, म्हणजे चक्क हाताची घडी!

का, ते दुकानाच्या दारातच कळलं. एक मावशी डाव्या तळव्यावर पिठाची पातळ चौकोनी पारी घेत होती. बांबूच्या चपट्या काडीनं बोराएवढं डुकराच्या खिम्याचं सारण, पारीचा त्रिकोण, मग दोन टोकं पुढं आणून एकावर एक, पाण्याचं बोट, चिमटा. थंडीत हात काखेत घालून बसलेला म्हातारा तयार! मोदकाला कळ्या पाडता पाडता आमच्या घरी गणपती विसर्जनाला निघतो. ही बाई माझं खुर्ची ओढणं होईस्तोवर आठ म्हातारे बसवून मोकळी.

दोन प्रकार होते : साध्या रश्शातले आणि लाल तेलातले. मावशीनं माझ्याकडं बघून साध्यावर बोट ठेवलं. कोल्हापूरचा अपमान! मी लालवर ठेवलं.

तर्री होती, मी हसलो. चॉपस्टिकमधून निसटलेला पहिला म्हातारा शर्टावर बसला, दुसरा चमच्याच्या मदतीनं तोंडात गेला. पारी रेशमासारखी, आत आल्याचा वास. लागोपाठ पाच गिळले आणि वाटीच्या तळाशी सापडलेली तपकिरी टरफलं शेंगदाणे समजून चावली.

ओठ थरथरायला लागले, मग जीभ गेली. हा सिचुआनचा मिरा. तो भाजत नाही, बधिर करतो. लंडनच्या संशोधकांनी 2013 साली मोजलं, तर ओठांवरची ही थरथर सेकंदाला 50 वेळा भरली. आपल्या घरातली वीजही 50 हर्ट्झचीच. म्हणजे मी तोंडात प्लग घालून बसलो होतो.

नेमका तेव्हाच हिचा व्हिडिओ कॉल.

"अहो, जेवलात का?"

"थान आहे," मी म्हणालो. छान म्हणायचं होतं.

"तोंड वाकडं का झालंय? हसून दाखवा बघू!"

मी हसलो. त्यानं ती जास्तच घाबरली.

"दोन्ही हात वर करा! आधी हात वर करा!"

पक्षाघाताची ही तपासणी तिला सोसायटीच्या शिबिरात शिकवली होती. भर दुकानात मी दोन्ही हात वर केले. आजूबाजूचे खायचे थांबले. मावशीनं मान डोलावली, आत गेली आणि लाल तेलाच्या आणखी दोन वाट्या आणून समोर ठेवल्या.

इकडं ही ॲम्ब्युलन्सचं बोलत होती. तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. वय चौऱ्याऐंशी, फोनचा पडदा तिला दिसत नाही.

"तिरफळ चावल्यान असतला! ल्हानपणापासना हीच खोड तेची. बाजूक काढून ठेव म्हणान सांग तेका."

मी टरफल नाकाशी धरलं. बांगड्याचं तिखलं! तिरफळ आणि हा मिरा एकाच कुळातले, सख्खे चुलत म्हणा. चुलीपाशी बसून आई माझ्या ताटातली तिरफळं वेचायची, तरी एखादं मी लपवून चावायचोच. पन्नास वर्षं झाली. मला एकदम काही बोलवेना, आणि या वेळी दोष मिऱ्याचा नव्हता.

मावशीनं काही न विचारता सोयाबीनच्या दुधाची बाटली आणून ठेवली. अशा बाईला इथं 'आयी' म्हणतात. अर्थही मावशीच, पण ऐकायला जवळजवळ आपल्या आईसारखाच. पैसे मागितले नाहीत. नंतर बिलात दिसले.

दोन्ही वाट्या मी संपवल्या. टरफलं एकेक करून वाटीच्या काठावर मांडली. एकोणीस झाली.

"काढलंस मा?" फोनमधून आई विचारत होती.

"थगळी," मी म्हणालो.